व्ल्कोलीनेत्स, स्लोव्हाकिया: भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लोव्हाकियातल्या या डोंगरी गावाबद्दल वाचकांचे प्रश्न सतत येत असतात. काही जण वास्तुशास्त्र शिकणारे, काही युरोपात राहणारे आणि लांबलेल्या शनिवार-रविवारी तिकडे जाऊ पाहणारे, तर काही मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी माहिती शोधणारे पालक. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आल्यामुळे उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या गावाच्या लाकडी घरांवर भरपूर लिहिलं जातं, तिथे राहणाऱ्या माणसांवर फार कमी. म्हणून लोकसंख्येचे प्रश्न मुद्दाम विस्ताराने घेतले आहेत.

1. हे गाव नेमकं कुठे आहे? तात्रा पर्वतात का?

नाही, तात्रात नाही. हे गाव वेल्का फात्रा या डोंगररांगेत आहे. मध्य स्लोव्हाकियाच्या उत्तर भागात लिप्तोव नावाचा जुना प्रदेश आहे. त्यातल्या रुझोम्बेरोक शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगरात हे गाव वसलेलं आहे. रुझोम्बेरोक शहर वाह आणि रेवूत्सा या नद्यांच्या संगमावर आहे. रेवूत्सेच्या खोऱ्याच्या पश्चिमेला वेल्का फात्रा आणि पूर्वेला नीची तात्रा, म्हणजे 'खालची तात्रा'. दोन्ही रांगा इतक्या जवळ असल्यामुळे बरेच जण गावाचा पत्ता 'तात्रा' असा लिहितात, पण तो चुकीचा आहे. प्रशासनाच्या दृष्टीने झिलिना हा प्रांत आणि रुझोम्बेरोक हा जिल्हा.

2. नावाचा उच्चार कसा करायचा?

'व्ल्कोलीनेत्स'. पहिल्या अक्षरात स्वर नाही, 'व्' आणि 'ल्' एका दमात म्हणायचे. स्लोव्हाक भाषेत 'व्ल्क' म्हणजे लांडगा, आणि गावाचं नाव बहुधा त्यावरूनच आलं असावं असं मानतात. वेल्का फात्रात लांडगे आजही आहेत.

3. उंची किती? हवामान कसं असतं?

गाव समुद्रसपाटीपासून 718 मीटरवर आहे. गावाच्या डोक्यावर सिदोरोवो हा 1,099 मीटर उंचीचा डोंगर आहे. उंचीचा आकडा आपल्याला फार वाटणार नाही, पण 49 अंश उत्तर अक्षांशावर 718 मीटर म्हणजे लांबलचक हिवाळा आणि तोकडा पिकाचा हंगाम. अशा ठिकाणी गहू भरवशाचा नाही. बटाटा, ओट आणि गवत हीच खात्रीची पिकं. शेत उतारावर, माती पातळ आणि हंगाम आखूड, या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढची बरीचशी उत्तरं आपोआप उलगडतात.

4. गावाची रचना कशी आहे? इतकं चर्चेत येण्यासारखं त्यात काय आहे?

उतारावर चढत जाणारा एक रस्ता, मध्यावर फुटणारा त्याचा फाटा आणि दोन्ही बाजूंना घरं, एवढंच गाव. घरं रस्त्याला लांबीने नाही, अरुंद बाजूने टेकलेली आहेत. रस्त्यावरून चालताना छताखालच्या त्रिकोणी भिंती एकामागून एक समोर येतात. प्रत्येक घराचा तुकडा अरुंद आणि मागे लांब गेलेला. पुढे राहतं घर, मग अंगण, गोठा, छोटी खोपटी आणि अगदी शेवटी गवताचं कोठार. त्याच्याही मागे डोंगरावर चढत गेलेल्या शेताच्या चिंचोळ्या पट्ट्या. रस्त्याच्या मधून लाकडी पन्हळींतून ओढ्याचं पाणी खेळवलेलं आहे. फाट्यापाशी ओंडक्यांचा दुमजली घंटामनोरा आहे, तो 1770 सालचा. जवळच 1860 मधली रहाटाची विहीर, तिचं कठडंही ओंडक्यांचंच. पिण्याच्या पाण्यासाठी गाव फार काळ या विहिरीवर अवलंबून होतं. येशूची आई मेरी हिने एलिझाबेथला दिलेल्या भेटीच्या नावाने असलेलं दगडी चर्च 1875 चं आहे.

यातली कुठलीही एक गोष्ट घेतली तर तशी ती कार्पेथियन डोंगरांतल्या इतर गावांतही सापडेल. मोल आहे ते सगळं एकत्र शाबूत असण्याला. घर, गोठा, कोठार, शेताची पट्टी आणि वरचं कुरण हा पूर्ण साखळा इथे एका नजरेत दिसतो. इतरत्र घर असतं तर शेत नसतं, आणि शेत असतं तर शेजारी सिमेंटची इमारत उभी असते.

5. घरं कशी बांधलेली आहेत? भिंती रंगीत का दिसतात?

खाली दगडी जोतं, त्यावर स्प्रूसचे ओंडके आडवे रचलेले. कोपऱ्यात ओंडक्यांना खाचा पाडून ते एकमेकांत अडकवलेले असतात. दोन ओंडक्यांमधल्या फटीत शेवाळ ठासून भरतात, वरून मातीचं लिंपण आणि त्यावर चुना. चुन्यात कधी निळा, कधी गुलाबी रंग मिसळतात, त्यामुळे एकच गल्ली वेगवेगळ्या छटांची दिसते. लिंपण सगळीकडे नसतं. कोठार आणि गोठ्याचे ओंडके उघडेच ठेवलेले असतात आणि उन्हापावसाने राखाडी पडतात.

छतावर लाकडी कौलं. ही कौलं करवतीने कापलेली नसून चिरून काढलेली असतात. प्रत्येकाची एक कड पातळ आणि दुसऱ्या कडेला खोबण. पातळ कड शेजारच्याच्या खोबणीत बसली की पाणी आत शिरत नाही. चिरलेल्या लाकडाचे तंतू सलग राहतात, म्हणून पाणी त्यावरून घसरून जातं, मुरत नाही. तरीही काही दशकांनी कौलं बदलावीच लागतात. हा खर्च पुढे प्रश्न 15 मध्ये महत्त्वाचा ठरतो.

आतली मांडणी साधी आहे. दार उघडलं की चुलीची खोली, रस्त्याच्या अंगाला राहती खोली आणि मागच्या अंगाला धान्याची कोठी.

6. गाव किती जुनं आहे? ही घरं चौदाव्या शतकातली आहेत का?

पहिला लेखी उल्लेख 1376 चा आहे. घरं त्या काळची नाहीत. वस्तीचं वय आणि इमारतींचं वय यांत गल्लत करू नका, कारण 'सहाशे वर्षं जुनी घरं' असं चक्क छापून आलेलं अनेकांनी पाठवलं आहे. लाकडाचं घर सतत दुरुस्त होत असतं. कुजलेला ओंडका बदलतात, कौलं बदलतात, आगीनंतर त्याच जोत्यावर पुन्हा उभं करतात. जुनी आहे ती वस्तीची आखणी आणि बांधण्याची रीत. ज्यांवर सालासह बोट ठेवता येतं त्या वास्तू म्हणजे प्रश्न 4 मधला मनोरा, विहीर आणि चर्च.

1376 हा स्थापनेचा दिवसही नव्हे. त्या साली कागदावर नाव आलं इतकंच. वस्ती त्याआधीची असणार.

7. इतिहासात हे गाव कोणाच्या ताब्यात होतं?

जवळजवळ हजार वर्षं हा सगळा भाग हंगेरीच्या राज्यात होता, त्यातल्या लिप्तोव परगण्यात. रुझोम्बेरोकला 1318 मध्ये शहराचे हक्क मिळाले, पण पुढे ते शहर शेजारच्या लिकावा किल्ल्याच्या जहागिरीखाली गेलं. व्ल्कोलीनेत्स रुझोम्बेरोकच्या अखत्यारीतलं. म्हणजे डोंगरावरचा शेतकरी शहराचा बांधील आणि शहर किल्ल्याच्या धन्याचं. वेठीची ही पद्धत हंगेरीत 1848 मध्ये कायद्याने संपली.

1918 मध्ये चेकोस्लोव्हाकिया झाला. 1939 ते 1945 या काळात जर्मनीच्या छायेतलं स्लोव्हाक राज्य होतं. युद्धानंतर पुन्हा चेकोस्लोव्हाकिया आणि 1 जानेवारी 1993 पासून स्वतंत्र स्लोव्हाकिया. 1910 मध्ये जन्मून 1993 पर्यंत जगलेली बाई घरातून न हलता चार राज्यांची प्रजा झाली असती.

8. लोकांचं पोट कशावर चालायचं?

मेंढ्या, गाई, जंगलतोड, गवत आणि थोडी शेती. मधमाशाही पाळत. गवताला आपण देतो त्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व होतं, कारण हिवाळ्यात जनावरं महिनोन्‌महिने गोठ्यात बांधलेली असत. उन्हाळ्यात कापून सुकवलेलं गवत किती यावर किती जनावरं जगतील ते ठरे. म्हणून प्रत्येक घराच्या मागे कोठार आहे आणि ते पुष्कळदा राहत्या घराएवढंच मोठं आहे.

एवढ्यावर भागत नसे. लिप्तोवचे गवंडी हंगामी कामासाठी बुडापेस्टपर्यंत जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत आजच्या स्लोव्हाकियातून लाखो माणसं अमेरिकेला गेली. नंतर रुझोम्बेरोकमध्येच कापडाचे आणि कागदाचे कारखाने उभे राहिले आणि पगाराची नोकरी डोंगराच्या पायथ्याशी आली.

9. 1944 मध्ये गाव जाळलं होतं का?

गावाचा काही भाग जळाला, संपूर्ण गाव नाही. 29 ऑगस्ट 1944 ला बान्स्का बिस्त्रित्साहून नाझींविरुद्ध स्लोव्हाक राष्ट्रीय उठाव सुरू झाला. रुझोम्बेरोकचा परिसर थेट लढाईच्या पट्ट्यात होता. बंडखोर डोंगरांचा आसरा घेत, म्हणून डोंगरातल्या वस्त्या जर्मन फौजांच्या रोषाला बळी पडल्या. त्या शरद ऋतूत इथली बरीच घरं जळाली. आज गल्लीत चालताना मधेच जी मोकळी जागा लागते ती नेहमी बागेची असतेच असं नाही.

10. आज तिथे किती लोक राहतात?

कायमचे राहणारे वीसपेक्षा कमी. एकोणिसाव्या शतकात ही संख्या तीनशेच्या पुढे होती. वास्तू 45 आणि माणसं वीसच्या आत, म्हणजे हिवाळ्यात संध्याकाळी बहुतेक खिडक्या अंधाऱ्या असतात.

11. मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे का दिसतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्यांची शंका अगदी रास्त आहे. कारणं तीन आहेत.

पहिलं, हे कायद्याने स्वतंत्र गाव नाही (प्रश्न 13 पाहा). जनगणनेच्या ठळक तक्त्यात व्ल्कोलीनेत्सची ओळ सापडत नाही. इथली माणसं रुझोम्बेरोकच्या सुमारे 26 हजारांत मोजली जातात.

दुसरं, 'रहिवासी' म्हणजे कोण याच्या दोन व्याख्या आहेत. कायमच्या पत्त्याची सरकारी नोंद एक आणि प्रत्यक्ष वास्तव्य दुसरं. म्हातारी आई गावातल्या घराच्या पत्त्यावर नोंदलेली असते, पण हिवाळा लेकीकडे शहरातल्या फ्लॅटमध्ये काढते. उलट, एखादा निवृत्त गृहस्थ वर्षातले आठ महिने वरच राहतो आणि नोंद मात्र ब्रातिस्लाव्हातली. एका व्याख्येने आई मोजली जाते, दुसऱ्याने तो गृहस्थ.

तिसरं, सुट्टीचे घरमालक. बरीच घरं वारसाहक्काने शहरातल्या मुला-नातवंडांकडे आली आहेत किंवा विकली गेली आहेत. ही मंडळी शनिवार-रविवारी येतात, चूल पेटवतात, गवत कापतात. जुलैतल्या रविवारी गेलेला प्रवासी 'गाव भरलेलं होतं' असं लिहितो आणि फेब्रुवारीत गेलेला 'ओस पडलंय' असं. दोघंही खरंच सांगतात.

12. माणसं का गेली? सरकारने हलवली का?

कोणी हलवलं नाही. ज्या कारणाने घरं टिकली त्याच कारणाने माणसं गेली. गाव चढावर, मुख्य रस्त्यापासून बाजूला आणि जमीन गरीब. पैसा नव्हता म्हणून कोणी जुनं घर पाडून नवं बांधलं नाही, आणि पैसा नव्हता म्हणूनच तरुण खाली कारखान्यात गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात फ्लॅट मिळत होते, नळाला गरम पाणी होतं, शाळा जवळ होती. गावातली शाळा बंद झाली तेव्हा लहान मुलं असलेल्या घरांपुढे फारसा पर्यायच उरला नाही. आजही किराणा, दवाखाना, नोकरी सगळं खाली रुझोम्बेरोकला.

शेतीची वाटणीही कारणीभूत आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमीन भावंडांत वाटली गेली. एकाच पट्टीला डझनभर सहमालक असणं ही साऱ्या स्लोव्हाकियातली जुनी डोकेदुखी आहे. त्यातले निम्मे कुठे राहतात हेही उरलेल्यांना ठाऊक नसतं. सातबाऱ्यावरच्या नावांची रांग पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

13. हे गाव आहे की शहराचा भाग? सरपंच कोण?

कायद्याने हा शहराचा भाग आहे. 1882 पासून व्ल्कोलीनेत्स रुझोम्बेरोकमध्ये मोडतं. स्लोव्हाकियात सुमारे 2,900 गावं-शहरं स्वायत्त आहेत आणि प्रत्येकाला आपला थेट निवडलेला प्रमुख असतो. काही गावांत तर पंधरा-वीसच मतदार असतात, तरी सरपंच असतो. व्ल्कोलीनेत्सला मात्र तो नाही. इथल्या लोकांचा महापौर म्हणजे रुझोम्बेरोकचा महापौर, आणि शहराच्या निवडणुकीत या वीसेक मतांचं वजन किती ते उघड आहे.

बाहेरून आलेल्याला ही तांत्रिक बाब वाटते. माझ्या मते या गावाचं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे. जगभरात नाव पोहोचलेल्या वस्तीला स्वतःचा ठराव करता येत नाही. पार्किंग कुठे, पर्यटक किती वाजेपर्यंत, जमा होणारा पैसा कशावर खर्च करायचा, यांवर शेवटचा शब्द दुसऱ्यांचा.

14. मग वेगळं होऊन स्वतंत्र गाव का बनत नाहीत?

कायदा आडवा येतो. 1990 च्या 369 क्रमांकाच्या कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार वेगळं होऊ पाहणाऱ्या वस्तीत किमान 3,000 रहिवासी असावे लागतात. याआधीपासून स्वायत्त असलेल्या चिमुकल्या गावांना ही अट लागू नाही, ती तशीच चालू राहतात. म्हणून सात-आठ माणसांचं प्रिक्रा हे गाव स्वायत्त आहे आणि जागतिक वारसा असलेलं व्ल्कोलीनेत्स नाही.

15. घरमालकाला स्वतःच्या घरात काय करता येतं आणि काय नाही?

1977 पासून गाव लोकवास्तूंचं संरक्षित क्षेत्र आहे. स्लोव्हाकियात अशी दहा क्षेत्रं आहेत. घराच्या बाहेरच्या रूपाला हात लावायचा तर आधी प्रांताच्या वारसा कार्यालयाचा निर्णय लागतो. खिडकी, छत, कुंपण, रंग, जोडखोली, सगळं त्यात आलं. आतमध्ये बरीच मोकळीक असते, त्यामुळे वीज, फ्रीज, न्हाणीघर या सोयी अनेक घरांत आहेत. लोक आजही उघड्या चुलीवर स्वयंपाक करतात असं समजू नका.

खरा ताण पैशाचा. पत्र्याचं छत एकदा टाकलं की पिढीभराची चिंता मिटते. लाकडी कौलांचं छत पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि कौलं चिरणारे कारागीर कमी उरले आहेत. सांस्कृतिक मंत्रालयाची दुरुस्तीसाठी अनुदान योजना आहे, पण अर्ज, नकाशे, मंजुऱ्या आणि स्वतःचा वाटा हे सगळं एखाद्या वयस्क माणसाने एकट्याने पार पाडणं अवघड जातं.

16. युनेस्कोचा दर्जा कधी आणि कशासाठी मिळाला?

डिसेंबर 1993 मध्ये, कोलंबियातल्या कार्ताहेना इथे झालेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच बैठकीत स्लोव्हाकियाची आणखी दोन स्थळं यादीत गेली: बान्स्का श्त्याव्नित्सा हे खाणींचं शहर आणि स्पिश किल्ला. राजवाडा नाही, रणभूमी नाही, अशी शेतकऱ्यांची साधी वस्ती त्या पहिल्या तिघांत असावी याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दर्जा दोन निकषांवर मिळाला, चौथा आणि पाचवा. चौथा निकष विशिष्ट काळाचं आणि समाजाचं उत्तम उदाहरण असलेल्या वास्तुरचनेचा. पाचवा पारंपरिक वस्ती आणि जमीनवापराचा, विशेषतः बदलांपुढे ती टिकणं कठीण झालेलं असताना. म्हणजे पाचव्या निकषात मागची शेतंही आली. गवत कापायला कोणी उरलं नाही तर पट्ट्यांवर झुडपं आणि पाठोपाठ जंगल चढतं, आणि ज्यासाठी दर्जा मिळाला त्यातला अर्धा भाग हरवतो.

17. म्हणजे हे खुलं संग्रहालय आहे का?

नाही. लिप्तोवमध्ये खुलं संग्रहालय पाहायचं असेल तर प्रिबिलिनाला जा. लिप्तोव्स्का मारा या धरणाखाली 1970 च्या दशकात वाह खोऱ्यातली अनेक गावं बुडाली. तिथल्या निवडक वास्तू उचलून किंवा तशाच्या तशा उभारून प्रिबिलिनात मांडल्या आहेत. संध्याकाळी तिथे कुलूप लागतं.

व्ल्कोलीनेत्समध्ये घरं मूळ जागी आहेत आणि खाजगी आहेत. एक घर तेवढं लिप्तोव संग्रहालयाने शेतकऱ्याचं घर म्हणून मांडलेलं आहे, ते आतून पाहता येतं. उरलेल्या दारांमागे कोणीतरी जेवत असतं. गावात शिरताना प्रवेशशुल्क घेतात, त्यामुळे तिकीट काढलं म्हणजे कुठेही शिरता येईल असा लोकांचा समज होतो. रहिवाशांची मुख्य तक्रार नेमकी हीच: अंगणात शिरणारे, खिडकीला कॅमेरा लावणारे, दाराची कडी वाजवून पाहणारे.

18. रहिवाशांनाच यादीतून बाहेर पडायचंय असं वाचलं. खरं आहे का? तसं करता येतं का?

काही रहिवाशांनी तसं जाहीरपणे म्हटलं आहे, आणि गर्दी पाहता त्यांचा वैताग मला समजतो. पण रहिवाशांच्या अर्जाने स्थळ यादीतून निघत नाही. करार देशाने केलेला असतो आणि निर्णय जागतिक वारसा समिती घेते. आजवर तीनच स्थळं पूर्णपणे वगळली गेली: 2007 मध्ये ओमानचं ओरिक्स अभयारण्य, 2009 मध्ये जर्मनीतलं ड्रेस्डेनचं एल्ब खोरं आणि 2021 मध्ये ब्रिटनचं लिव्हरपूल बंदर. तिन्ही ठिकाणी कारण एकच, ज्या मूल्यासाठी दर्जा होता त्याचीच हानी झाली.

शिवाय दर्जा गेला तरी निर्बंध जाणार नाहीत. ते 1977 पासूनच्या देशी संरक्षणाचे आहेत (प्रश्न 15). जाईल ते जगभरातलं नाव आणि कदाचित काही अनुदान.

असा ताण फक्त तिकडेच आहे असंही नाही. 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतले बारा किल्ले याच यादीत आले. त्यातल्या पन्हाळ्यावर नांदतं गाव आहे, आणि नामांकनाच्या काळात तिथल्या रहिवाशांनीही बांधकामावरच्या निर्बंधांबद्दल उघडपणे चिंता मांडली होती.

19. काळ्या भिंतींवर पांढरी नक्षी असलेलं गाव हेच का?

नाही, ते चिच्मानी. फोटोंमुळे होणारी ही नेहमीची गफलत. चिच्मानी झिलिना जिल्ह्यात, स्त्राझोव डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख 1272 चा. तिथे गडद ओंडक्यांवर चुन्याने भौमितिक नक्षी काढतात. 1921 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला आणि सरकारी मदतीने जुन्या धाटणीतच पुन्हा उभा राहिला. तेही 1977 पासून संरक्षित आहे, पण जागतिक वारसा यादीत नाही. आणि ते स्वायत्त गाव आहे, त्याला स्वतःचा सरपंच आहे. व्ल्कोलीनेत्सच्या भिंतींवर अशी नक्षी नसते.

20. 1907 चा गोळीबार याच गावात झाला होता का?

नाही. तो चेर्नोवामध्ये झाला. चेर्नोवाही आज रुझोम्बेरोकचाच भाग आहे, म्हणून गोंधळ होतो. 27 ऑक्टोबर 1907 रोजी गावकऱ्यांनी आग्रह धरला की नव्या चर्चचा अभिषेक आपल्याच गावचे धर्मगुरू आंद्रेय ह्लिंका यांच्या हातून व्हावा. शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि 15 माणसं गेली. हंगेरीच्या राज्यात स्लोव्हाकांना कशी वागणूक मिळते हे त्या घटनेमुळे युरोपभर कळलं.

21. भेट द्यायची असेल तर कसं आणि कधी जावं?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा चालतो. ब्रातिस्लाव्हा ते कोशित्से या मुख्य रेल्वेमार्गावर रुझोम्बेरोक स्थानक आहे. तिथून ब्येली पोतोक या वस्तीपर्यंत बस आणि पुढे चढणीची पायवाट. गाडीने गेलात तर ती गावाच्या खाली लावून चालत जायचं. मे ते ऑक्टोबर हा सोयीचा काळ. हिरवी कुरणं आणि कमी गर्दी हवी असेल तर मेच्या अखेरीस आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. एकट्याने रानवाटेने सिदोरोवोकडे जाताना बोलत जा, या डोंगरांत अस्वलं आहेत.

22. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात कोणते आकडे लिहू?

पहिला लेखी उल्लेख 1376. रुझोम्बेरोकमध्ये समावेश 1882. देशी संरक्षण 1977. जागतिक वारसा 1993. उंची 718 मीटर. लोकसंख्येच्या रकान्यात 'वीसपेक्षा कमी कायमचे रहिवासी' असं लिहा आणि कंसात 'स्वतंत्र जनगणना नाही' असं जोडा. क्षेत्रफळ म्हणून 4.9 हेक्टर हा आकडा दिसेल, तो वारसा म्हणून आखलेल्या वस्तीचा आहे. शेतं, कुरणं आणि जंगल त्याभोवतीच्या 321 हेक्टरांच्या संरक्षक पट्ट्यात येतात. दोन्ही आकडे लिहायचे असतील तर वेगवेगळ्या ओळींत लिहा, बेरीज करून गावाचं क्षेत्रफळ म्हणून देऊ नका.